पोपटी, पाचशे रुपये आणि मामीची वही

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले तिथे वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. आकडे ऐकताना सुटतात अशी तक्रार असते, ते इथे नीट वाचा.)

आज इतिहास आहे, पण किल्ला नाही, लढाई नाही, तह नाही. आज एक वही आहे.

दिवा-रोहा गाडीने पनवेल सोडलं की आपटा येतं, मग जिते, मग हमरापूर, मग पेण. जिते स्टेशनवर गाडी थांबते न थांबते तोच सुटते, त्यामुळे पिशव्या आधीच दारात आणून ठेवाव्या लागतात. माझं आजोळ जितेच्या आसपासच्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. गोष्ट निवडणुकीची आहे, गाव लहान आहे, आणि मला पुढच्या सुट्टीत तिथे जेवायला जायचंय.

माझी मामी हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. डिसेंबर २०२२ मध्ये ती ग्रामपंचायतीला उभी राहिली. सदस्यपद, महिला राखीव जागा. १८ डिसेंबरला मतदान झालं, २० ला निकाल लागला. मामी अकरा मतांनी पडली. दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही, तिसऱ्या दिवशी मामी कारखान्यात गेली, विषय संपला. असं आम्हाला वाटलं.

पुढच्या वर्षी घरी कागद आला. पाच वर्षं ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला अपात्र. कारण : निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत सादर केला नाही.

आता खरी गंमत ऐका. हिशेब होता! कारखान्यात मामीची एक डायरी असते. पुढून लिहिलेल्या पानांवर किती मूर्ती रंगवल्या त्याचे नग आणि मजुरी. त्याच डायरीत मागून लिहिलेल्या पानांवर निवडणूक. झेरॉक्स इतके, पत्रकं इतकी, रिक्षा, चहा, वडापाव, दोन बॅनर. तारखेसकट. एकूण बेरीज पाच आकड्यांतही जात नव्हती. फक्त तो हिशेब ठरलेल्या नमुन्यात भरून द्यायचा असतो, हे तिला कोणी समजेल असं सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मामी, अगं दिला का नाहीस? तर म्हणाली, "अगं बाय, हरलेल्याला कोन इचारतं?"

विचारतात. हरलेल्यालाही विचारतात, आणि ज्याने एक रुपया खर्च केला नाही त्यालाही. शून्य खर्च असेल तर शून्य लिहून द्यावं लागतं.

हा कागद पाहिल्यापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. निवडणुकीच्या खर्चाला मर्यादा घालणारा कायदा कोणासाठी केला होता, आणि शेवटी सापडलं कोण? म्हणून मागे मागे जात राहिले. थेट इंग्लंडपर्यंत पोचले.

इंग्लंडमध्ये १८८० ची सार्वत्रिक निवडणूक इतकी पैशाने माखलेली होती की नंतर चौकशा बसल्या. त्यातलं सगळ्यात बदनाम ठिकाण म्हणजे सँडविच. हो, नाव तेच. तिथली लाचखोरी इतकी उघड निघाली की त्या गावाचं संसदेतलं स्वतंत्र प्रतिनिधित्वच पुढे काढून घेतलं. मग १८८३ मध्ये कायदा आला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, प्रत्येक उमेदवाराच्या खर्चावर कमाल मर्यादा. दोन, सगळा खर्च एकाच अधिकृत प्रतिनिधीच्या हातून व्हायचा आणि निकालानंतर त्याचा हिशेब द्यायचा. पुढच्या निवडणुकांत तिथला खर्च खरोखर खूप खाली आला. म्हणजे ही कल्पना मुळात मूर्खपणाची नव्हती, हे आधी कबूल करायला हवं.

आपल्याकडे ही कल्पना १९२० मध्ये आली. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर प्रांतिक निवडणुका होणार होत्या. मतदार मोजकेच होते, बहुतेक शेतसारा किंवा कर भरणारे. पण निवडणूक म्हटल्यावर लाच आलीच, म्हणून त्या वर्षी एक कायदा करून भारतीय दंड संहितेत निवडणूक गुन्ह्यांचं नवं प्रकरण घातलं. कलम १७१-ए पासून १७१-आय पर्यंत.

हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम पोपटी आठवली.

जे रायगडचे नाहीत त्यांच्यासाठी थांबते. थंडीत आमच्याकडे वालाच्या शेंगा येतात. मातीच्या मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-मसाला लावलेली कोंबडी, वर परत पाला. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा, पेंढा पेटवायचा. अर्ध्या तासाने जो वास सुटतो त्याला पोपटी म्हणतात. शेतात, रात्री, पंधरा-वीस जण गोल बसून. आता ग्रामपंचायतीच्या निवडणुका कधी झाल्या बघा. १५ जानेवारी २०२१. १८ डिसेंबर २०२२. ऐन पोपटीचा हंगाम! उमेदवाराने गावातल्या पोरांना पोपटीला बोलावलं तर त्याला प्रचार म्हणायचं की शेजारधर्म?

१९२० च्या कायद्याने उत्तर देऊन ठेवलंय. मताच्या बदल्यात खाणं, पिणं, करमणूक किंवा शिधा दिला तर तो लाचेचाच एक प्रकार, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. फक्त शिक्षेत फरक केलाय. रोख लाच दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जेवण घालून लाच दिली तर फक्त दंड. म्हणजे साहेबांच्या लेखी नोट आणि कोंबडी यांत नोट जास्त वाईट. आणि ही तरतूद गेलेली नाही बरं का. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ती जशीच्या तशी बसली आहे.

त्याच प्रकरणात आणखी दोन कलमं आहेत. १७१-एच म्हणतं की उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय कोणी त्याच्यासाठी सभा घेतली, जाहिरात दिली, पत्रक काढलं, तर दंड. कमाल ५०० रुपये. चौकाचौकात "शुभेच्छुक" म्हणून बॅनरवर हात जोडलेले चेहरे दिसतात ना, त्यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वी केलेलं कलम आहे हे. आणि १७१-आय म्हणतं की ज्याला कायद्याने निवडणुकीचा हिशेब ठेवायला सांगितलाय त्याने तो ठेवला नाही, तर दंड. तोही कमाल ५०० रुपये.

१९२० मध्ये ५०० रुपये म्हणजे गंमत नव्हती, तेव्हाच्या साध्या माणसाची कित्येक महिन्यांची कमाई होती. पण तो आकडा हललाच नाही. स्वातंत्र्य आलं, घटना आली, आणीबाणी आली आणि गेली, मोबाइल आले, आकडा ५०० च. २०२४ मध्ये न्याय संहितेने विनापरवाना खर्चासाठी १० हजार आणि हिशेब न ठेवण्यासाठी ५ हजार केला. एक मात्र विसरले. जुन्या कलमात सवलत होती की कोणी उत्साहाच्या भरात परवानगीशिवाय दहा रुपयांपर्यंत खर्च केला आणि दहा दिवसांत उमेदवाराची मंजुरी मिळवली, तर चालेल. ते दहा रुपये अजूनही दहाच आहेत. दहा रुपयांत आज कार्यकर्त्याने नक्की काय उत्साह दाखवायचा, हे मला कोणी कमेंटमध्ये सांगा.

तर स्वातंत्र्यानंतर. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आला, त्याच्या ७७ व्या कलमात उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवायचा आणि मर्यादा ओलांडायची नाही असं आलं, आणि ७८ व्या कलमात तो निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असं आलं. हे "३० दिवस" लक्षात ठेवा, मामीच्या कागदात तेच आहेत. पहिल्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक ठिकाणी उमेदवाराची मर्यादा होती २५ हजार रुपये. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. तिथून निवडून आले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नात्याला जन्मलेले. ज्यांची सही देशाच्या नोटांवर असायची त्यांनाही प्रचाराच्या खर्चाची वही भरावी लागणारच होती, ही कल्पना मला फार आवडते.

पण कायद्यात एक फट होती. मोजायचा तो उमेदवाराचा खर्च. पक्षाने केला तर? मित्रांनी केला तर? १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उमेदवाराला माहीत असताना, त्याची संमती असताना पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला पाहिजे. निकाल ऑक्टोबरच्या सुरुवातीचा. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढला आणि कायद्याला एक स्पष्टीकरण जोडलं : पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही! फट बुजवायला गेले आणि दरवाजा बसवून आले. सासवडच्या न्या. वि. म. तारकुंड्यांच्या अध्यक्षतेखाली जयप्रकाश नारायणांनी निवडणूक सुधारणांसाठी समिती नेमली ती याच काळातली. पण तो दरवाजा पुढे जवळजवळ तीस वर्षं सताड उघडा राहिला, २००३ मध्ये थोडा लोटला गेला, आणि तेव्हासुद्धा पक्षाच्या बड्या नेत्यांच्या प्रवासखर्चाची सूट शिल्लक ठेवली.

आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला यात मैलाचा दगड आहे. १९९१ ची नगरची लोकसभा निवडणूक, यशवंतराव गडाख विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील. गडाख जिंकले, विखे कोर्टात गेले. मुद्दा काय होता? प्रचारसभांमध्ये विखे पैसा ओतणार, मतदारांना वस्तू वाटणार असे आरोप केले गेले होते. विरोधकाच्या चारित्र्यावर खोटे आरोप करणं हाच भ्रष्ट आचार ठरला आणि गडाखांची निवड रद्द झाली. म्हणजे पैशाच्या आरोपावरून निवडणूक गेली, पैशावरून नव्हे. पण त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता एक गोष्ट सांगून टाकली. तिचा सारांश असा, की उमेदवाराच्या खर्चावरची ही मर्यादा म्हणजे निव्वळ धूळफेक आहे, कारण पक्षाचा आणि इतरांचा खर्च तिच्या बाहेरच राहतो. हा निकाल १९९३ चा.

साल लक्षात घ्या. १९९३. कारण त्याच वर्षी, २४ एप्रिलला, ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. गावच्या निवडणुका घटनेत शिरल्या. दर पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची झाली, महिलांना किमान एक तृतीयांश जागा आल्या, आणि प्रत्येक राज्याला स्वतःचा निवडणूक आयोग आला. महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग एप्रिल १९९४ मध्ये स्थापन झाला. दिल्लीत तेव्हा टी. एन. शेषन साहेब सगळ्या पुढाऱ्यांना घाम फोडत होते. खर्चाचा हिशेब ही गोष्ट तेव्हा एकदम फॅशनमध्ये होती. आता बघा, ज्या साली सर्वोच्च न्यायालय या मर्यादेला धूळफेक म्हणतंय, त्याच सुमाराला तीच मर्यादा, तोच हिशेब, तेच ३० दिवस गावाकडे निघालेत. दिल्लीत ज्याचा धाक उरला नव्हता ते औषध खाली गावात पाठवलं.

आता गावातलं गणित. २०१७ मध्ये राज्य सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं (ते २०२० मध्ये रद्द झालं आणि २०२२ मध्ये परत आलं, ती वेगळीच मालिका आहे). थेट सरपंच म्हणजे अख्ख्या गावात प्रचार, म्हणून आयोगाने नव्या मर्यादा लावल्या. सात ते नऊ सदस्यांची ग्रामपंचायत असेल तर सदस्याला २५ हजार, सरपंचाला ५० हजार. अकरा ते तेरा सदस्यांची असेल तर ३५ हजार आणि १ लाख. पंधरा ते सतरा असेल तर ५० हजार आणि पावणेदोन लाख. जिल्हा परिषदेला त्याच वर्षी, जिथे ५० ते ६० गट आहेत तिथे उमेदवाराला ४ लाख. रायगड जिल्हा परिषदेचे तेव्हा ५९ गट होते, म्हणजे आपण त्यात. (उभं राहायचं असेल तर या आकड्यांवर जाऊ नका. मर्यादा बदलत असतात, आयोगाचा चालू आदेश बघा.)

मोजायचं कसं, याचीही व्यवस्था आहे. प्रशासन दरपत्रक ठरवतं. चहा किती रुपये, वडापाव किती, खुर्चीचं भाडं किती, मंडप, स्पीकर, रिक्षा, जीप. तुम्ही म्हणालात की मी खुर्ची फुकट आणली, तरी दरपत्रकाप्रमाणे धरता येते. मला हे दरपत्रक वाचायला मनापासून आवडतं. शंभर वर्षांनी कोणी इतिहासकार त्यावरून आपल्या काळातलं खाणंपिणं लिहील. त्यात चहा असतो, नाश्ता असतो, जेवण असतं. पोपटी मी अजून पाहिली नाही.

आणि असलीच तरी मोजणी सुरू होते उमेदवारी अर्ज भरल्यावर. त्याआधी पेटलेली मडकी कुठल्याच रकान्यात येत नाहीत. गावात त्या थंडीत किती मडकी लागली, कोणाच्या शेतात लागली, कोंबड्या कोणी दिल्या, हे पोराटोरांनाही माहीत असतं. लिहितं कोणी नाही. लिहिणार कसं? देणारा सांगतो मी शेजारी म्हणून दिलं, खाणारा सांगतो मी भुकेला म्हणून खाल्लं.

गावचा मोठा पैसा तर प्रचारात दिसतही नाही. २०२१ च्या जानेवारीत राज्यात १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींची निवडणूक होती. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे, कांद्याच्या बाजारामुळे नाव माहीत असेल, आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी. दोन्ही ठिकाणी गावाच्या पदांसाठी चक्क जाहीर बोली लागली. उमराण्यात २ कोटी ५ लाखांपर्यंत, खोंडामळीत ४२ लाखांपर्यंत. कारण काय, तर मंदिराचं काम. पैसा देवाला, पद देणाऱ्याला, आणि निवडणूक बिनविरोध. व्हिडिओ फिरले, बातम्या झाल्या, आणि तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. बरोबर केलं. पण क्षणभर विचार करा, कॅमेरा नसता तर? त्या बिनविरोध उमेदवाराने प्रचाराचा खर्च शून्य दाखवला असता आणि तो शून्य अगदी खरा असता. सभा नाही, पत्रक नाही, रिक्षा नाही. खर्चाच्या नमुन्यात दोन कोटी लिहायला जागाच नाही.

आता मामीचं कलम. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातलं १४-ब. त्यात असं आहे की एखाद्याने ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या पद्धतीने खर्चाचा हिशेब दिला नाही, आणि न देण्याला काही सबळ कारण नसेल, तर आयोग त्याला अपात्र ठरवू शकतो. पाच वर्षं. आयोगाने हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेला आहे, त्यामुळे आदेश तिथून निघतो.

पाच वर्षं हा आकडा पुन्हा बघा. ग्रामपंचायतीची मुदतही पाच वर्षं. निवडणूक झाली २०२२ च्या डिसेंबरात, पुढची येणार २०२७ च्या अखेरीस. आदेश निघाला २०२३ मध्ये, म्हणजे अपात्रता संपणार २०२८ मध्ये. पुढची निवडणूक बरोब्बर त्या पाच वर्षांत अडकते. त्या पुढची २०३२ मध्ये. मामी आज बेचाळीस वर्षांची आहे. तेव्हा पन्नाशीला टेकलेली असेल, आणि तो वॉर्ड महिलांसाठी राखीव असेल की नाही कोणाला माहीत.

हे कागद मामीसारख्यांच्या घरी का जातात, यालाही इतिहास आहे. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत महिलांचं आरक्षण ५० टक्के केलं. फार चांगलं झालं, यात वाद नाही. पण बऱ्याच घरांत अर्जावर सही तिची असते आणि पाकीट त्याचं. बॅनर नवरा छापून आणतो, रिक्षा दीर ठरवतो, चहाचं बिल पुतण्या देतो. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं काढलं जातं ते तिच्या नावाने, आणि त्याचं पासबुक ज्याच्या खिशात असतं तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळं विसरतो. विसरण्याचा कागद मात्र तिच्या नावाने येतो. आमच्याकडे तेवढं नव्हतं, मामीचा हिशेब मामीनेच ठेवला होता. पण "देऊन येतो" म्हणून मामाने झेरॉक्स नेले आणि ते गाडीच्या डिकीत राहिले, हेही खरं आहे. मामा हा भाग ऐकणार आहे, त्यामुळे एवढंच.

आयोगाने काहीच सोय केली नाही असंही नाही. मोबाइलवर ट्रू व्होटर नावाचं ॲप आहे, त्यात उमेदवाराने रोजचा खर्च भरायचा. आपल्यासारख्यांना सोपं. मामीचा फोन पोराच्या अभ्यासाला असायचा आणि त्यात जागा कायम फुल.

आता दुसरं टोक. जून २०१३, मुंबईतला एक कार्यक्रम. गोपीनाथ मुंडे व्यासपीठावरून बोलून गेले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा आठ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. माणूस मोकळा होता, बोलून गेला, आणि खरं सांगायचं तर तेवढं तरी बोलणारे किती? आयोगाने नोटीस पाठवली. त्यांनी खुलासा दिला. अपात्रता आली नाही.

दुसरं प्रकरण अशोक चव्हाणांचं. २००९, भोकर विधानसभा. वृत्तपत्रांत त्यांच्या कौतुकाची पानंच्या पानं आली होती आणि हिशेबात वृत्तपत्रांच्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड मांडलं. चव्हाणांचं म्हणणं की त्या जाहिराती नव्हत्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं, जुलै २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने हिशेब कायद्याप्रमाणे दिला नाही असं म्हटलं, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला, आणि मी त्यावर निकाल द्यायला बसलेले नाही. मला फरक दिसतो तो इतकाच. हिशेब खरा की खोटा हे ठरवायला पाच वर्षं, तीन ठिकाणं आणि देशातले नामांकित वकील लागतात. हिशेब आला की नाही आला हे ठरवायला एक टेबल, एक यादी आणि एक लाल पेन पुरतं. यंत्रणा कुठलंही असो, जे मोजायला सोपं तेच मोजते.

सर्वोच्च न्यायालयालाही हे दिसलं असावं. नांदेड जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीचं असंच १४-ब चं प्रकरण तिथपर्यंत गेलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की पाच वर्षांची अपात्रता यांत्रिकपणे सरसकट ठोकायची नाही. चूक किती, परिस्थिती काय, ते बघून मुदत ठरवा. शिवाय त्याच १४-ब मध्ये दुसरं पोटकलम आहे, ज्यात कारणं नोंदवून आयोग अपात्रता काढून टाकू शकतो किंवा तिची मुदत कमी करू शकतो. हे पोटकलम मामीच्या घरी आलेल्या कागदावर छापलेलं नव्हतं. मला सापडलं ते अधिनियमाची पीडीएफ मोबाइलवर उघडून, गाडीत बसून, आपटा आणि जितेच्या मधे नेटवर्क जाण्याआधी.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात कोणी उभं राहिलं असेल, जिंकलं असो, हरलं असो, बिनविरोध आलं असो, तर आज घरी गेल्यावर एवढं विचारा : हिशेब दिला का, आणि दिल्याची पोच कुठे आहे? निकालापासून ३० दिवस. पोच हवीच. फोटो काढून ठेवा.

आम्ही मागच्या रविवारी अर्ज लिहिला. मामी, मी आणि शेजारची बारावीतली पोरगी, जिचं अक्षर आमच्या दोघींपेक्षा बरं आहे. अर्जाला डायरीच्या मागच्या सात पानांच्या प्रती जोडल्या. पान पाचवर चहाच्या नोंदीशेजारी गुलाबी रंगाचा ठिपका आहे, मूर्तीच्या पितांबराचा. पोरगी म्हणाली, काकी, हे पान परत स्वच्छ लिहून काढू या. मामीने डायरी तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "नको. जसं हाय तसंच दे."